मागच्या चाकांचा ‘घुंऽऽ’: तीन गॅरेजं, अडीच महिने आणि एक नट

हे प्रकरण माझ्याच गॅरेजमधलं आहे. मालकाची ओळख, गाडीचा नंबर आणि मॉडेल काढून टाकलं आहे, बाकी सगळं घडलं तसं. यात एक चूक दुसऱ्याची आहे आणि एक माझी. माझी चूक जास्त शिकण्यासारखी आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिलंय.

पार्श्वभूमी

गाडी सात आसनी, डिझेल, पिवळ्या पाटीची. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मागे अखंड ॲक्सल, मधोमध हौसिंगचा गोळा (इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रं यात असतात), दोन्ही टोकांना ड्रम ब्रेक. मालक स्वतःच चालवतात. त्यांना इथे नाना म्हणू. नाशिकहून शिर्डी, त्र्यंबकेश्वर, मुंबई विमानतळ, वणीचा गड, अशा त्यांच्या ठरलेल्या फेऱ्या. महिन्याला सरासरी साडेतीन हजार किलोमीटर. कर्जाचे हप्ते फिटलेले, त्यामुळे गाडी अजून तीन वर्षं तरी ओढायची असं त्यांचं गणित. गाडी एक दिवस उभी राहिली की डिझेल-टोल वजा जाता दोन-अडीच हजारांचा फटका बसतो. पुढचे सगळे निर्णय या आकड्याच्या दबावाखाली झाले.

तक्रार

जुलैच्या मध्यावर नाना पाहुणे घेऊन सिन्नरजवळून समृद्धीवर चढले आणि संभाजीनगरकडे निघाले. शंभरच्या आसपास मागून बारीक, एकसुरी आवाज यायला लागला, दूरवर पिठाची गिरणी चालू असावी तसा. सगळ्यात मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, “ड्रायव्हरदादा, चाकात काहीतरी गातंय.”

नानांनी तो रस्त्याचा आवाज समजून सोडून दिला, आणि तसं समजणं अगदीच चूक नव्हतं. काँक्रीटच्या रस्त्यावर घसरण टाळण्यासाठी आडव्या बारीक खाचा पाडतात. खाचा समान अंतरावर असल्या तर टायर त्यांवरून जाताना खरोखर शिट्टीसारखा सूर निघतो. दोन खाचांत २० मिलिमीटर अंतर आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली असेल, तर सेकंदाला हजार ठोके, हजार हर्ट्झचा सूर. चांगली गाडीसुद्धा अशा रस्त्यावर गाते.

पण परतीच्या वाटेवर डांबरी रस्त्यालाही सूर सोबत आला. थोडा दबलेला, पण तोच. साठच्या पुढे सुरू, ऐंशीला स्पष्ट, शंभरला त्रासदायक.

पहिली फेरी: बेअरिंग

ऑगस्टमध्ये नाना त्यांच्या नेहमीच्या गॅरेजात गेले. मागून आवाज, वेगाबरोबर वाढतो. म्हणजे चाकाचं बेअरिंग. दहापैकी सहा-सात वेळा हा अंदाज बरोबर निघतो, म्हणून मिस्त्रींना मी दोष देणार नाही. जॅकवर चढवून दोन्ही चाकं हातानं फिरवली. उजवं “जरा खरखरतंय” असं ठरलं. ॲक्सल शाफ्ट काढून प्रेसवर नेला, बेअरिंग आणि सील नवं टाकलं. नंतर “आता एवढं केलंच आहे तर” म्हणून डावंही. बिल ६,४०० रुपये, गाडी एक दिवस उभी. आवाज होता तिथेच.

या टप्प्यावर एक फुकटची चाचणी राहून गेली. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर साठ-सत्तरच्या वेगात मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली की आवाज बदलतो. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. उजवं बेअरिंग खराब असेल तर तेव्हा घरघर वाढते आणि उलट वळणावर कमी होते. मिस्त्रींनी गाडी चालवून पाहिली होती, पण गॅरेजच्या गल्लीत, तिशीच्या वेगाने. त्या वेगाला हा आवाज निघतच नव्हता.

दुसरी बाब सुराच्या जातीची. चाकाचं बेअरिंग सहसा जाड आवाजात घरघरतं, रिकामं पिंप डांबरावरून लोळवल्यासारखं. नानांचा सूर बारीक होता. नाना स्वतः “घुंऽऽ” म्हणत, “घर्रर्र” कधीच नाही. गिऱ्हाईक आवाजाची नक्कल करतं तेव्हा आम्ही मिस्त्री लोक हसतो. हसण्याआधी ऐकायला हवं.

दुसरी फेरी: टायर (ही चूक माझी)

सप्टेंबरच्या सुरुवातीला नाना माझ्याकडे आले. मी आधी मागच्या टायरांवरून तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं बोचणारं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजलेली आणि दुसरी उभी, असा प्रकार. तीस हजार किलोमीटर टायर पुढे-मागे अदलाबदल केलेच नव्हते. असे टायर आवाज करतात, याबद्दल कुणाचंच दुमत नसतं. मी लगेच म्हणालो, “नाना, हे घ्या तुमचं गाणं.”

पुढची पायरी साधी होती. मागचे दोन टायर पुढे लावायचे आणि पुढचे मागे, मग फेरी मारायची. आवाज पुढे सरकला तर टायर दोषी, मागेच राहिला तर टायर निर्दोष. चाळीस मिनिटांचं काम, खर्च शून्य. मी ते केलं नाही. नानांना दुपारी चारला विमानतळाची फेरी होती. नक्षी तशीही अडीच मिलिमीटरवर आली होती, १.६ मिलिमीटरला टायर कायद्यानं बाद. दोन-तीन महिन्यांत बदलावेच लागणार होते, मग आजच का नको? दोन नवे टायर, ११,८०० रुपये. दुपारी नाना विमानतळाला रवाना.

रात्री फोन आला. आवाज निम्म्यावर आला होता, नाना खूश. मीही. त्या रात्री मी हे प्रकरण मनातून बंद केलं.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. “भाऊ, आवाज आहेच हो. उलट आता जास्त स्वच्छ ऐकू येतो.”

‘स्वच्छ’ या शब्दानं माझे कान टवकारले. गाडीत आवाज दोन होते. झिजलेल्या टायरांचा जाड गुंजारव वरच्या थरात होता आणि त्याखाली दुसरा बारीक सूर झाकला गेला होता. टायर बदलले तसा वरचा थर निघाला. मिळालेला आराम खरा होता, पण मी त्याला मूळ रोगाचा उतारा समजलो. उपाय निम्मा लागू पडला की माणूस शोध थांबवतो. साफ फसला असता तर मी त्याच संध्याकाळी पुढचं पाऊल उचललं असतं.

तिसरी फेरी: गाडीत बसून मोजमाप

या वेळी ठरवलं, एकही पाना लावण्याआधी गाडीत बसायचं. एका सकाळी नाना स्टिअरिंगवर, मी मागची सीट दुमडून थेट ॲक्सलच्या वर आणि गॅरेजातला पोरगा वही घेऊन मधल्या सीटवर. घोटीच्या दिशेनं निघालो.

आधी वेग स्थिर ठेवून गिअर बदलले. साठला चौथा, मग साठलाच पाचवा. इंजिनचे फेरे बदलले, सूर तसूभरही हलला नाही. म्हणजे इंजिन आणि त्याच्या वेगानं फिरणारं सगळं बाद. मग मोकळा पट्टा पाहून गाडी झुलवली. सूर तोच, म्हणजे चाकाची बेअरिंगंही बाद. जुनी काढून टाकलेलीही बहुधा निर्दोष होती.

तिसरी चाचणी एक्सलेटरची. सत्तरला पाय दाबला की सूर तारेसारखा ताणला जाई. पाय हलका केला की जवळजवळ विरे. पाय पूर्ण उचलून गाडी गिअरमध्येच सोडली की थोड्या वेळानं वेगळाच, खरबरीत आवाज येई. टायरला एक्सलेटरशी देणंघेणं नसतं, चाकाच्या बेअरिंगला फारसं नसतं. ज्या भागातून ताकद वाहते त्यालाच ती दाबली की ओढली हे कळतं. (सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रलही करून पाहिलं, सूर अगदी क्षीण झाला. घाटात हा प्रयोग कुणी करू नये.)

मग मोबाईल काढला. आवाजातला प्रमुख सूर किती हर्ट्झचा हे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. निघण्याआधी आवारात मागच्या चाकावर खडूची खूण करून, गाडीत माणसं बसवून, एक पूर्ण फेरा ढकलून मोजला होता: १ मीटर ९९ सेंटिमीटर. नानांना जीपीएसवर नेमका ७२ चा वेग धरायला सांगितला. ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर, चाकाचे साधारण दहा फेरे. हिशेब तोंडी होतो.

ॲपवर उंच काठी उभी राहिली ४१२ वर. पुन्हा पाहिलं, ४०८. पुन्हा, ४१३. साठला उतरवलं तर ३४३. पोरग्यानं वहीत भागाकार केला: ७२ ला एका फेऱ्यात ४१ ठोके, ६० लाही ४१ ठोके.

टायरच्या नक्षीचे ठोकळे एका फेरीत साठ-सत्तर असतात, त्यांचा सूर याहून बराच वर असता. चाकाच्या बेअरिंगचे ठोके एका फेऱ्यात पाच-सहा, त्यांचा खूप खाली. मी गॅरेजात परतून त्या गाडीचं वर्कशॉपचं पुस्तक उघडलं. क्राऊनला, म्हणजे हौसिंगमधल्या चाकांबरोबर फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राला, दात ४१; त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. चाकाच्या एका फेऱ्यात क्राऊनचाही एक फेरा, म्हणजे ४१ दातांचे ४१ ठोके.

आमच्या धंद्यात उत्तर असं आकड्यात, समोर लिहून मिळणं फार दुर्मीळ. पोरगा दिवसभर येईल त्याला ते पान दाखवत होता.

पंचवीस किलोमीटर चालवून थांबल्याबरोबर तापमापकाची बंदूक फिरवली होती, तेही इथेच सांगतो. डावा हब (चाकाचा मधला भाग) ५१ अंश, उजवा ५३, हौसिंगचं पोट ७६, आणि पिनियनचं नाक, म्हणजे जिथे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ताकद मागे आणणारा लांब दांडा) येऊन मिळतो ती जागा, ९८. नवी बेअरिंगं टाकलेली टोकं थंड आणि ज्याकडे कुणी पाहिलं नव्हतं ते नाक तापलेलं.

आवाज चाकातून येतोय असं सगळ्यांना का वाटत होतं, तेही आता उलगडलं. अखंड ॲक्सल म्हणजे लोखंडी नळी. मधल्या गोळ्यात दात थरथरले की थरथर नळीतून दोन्ही टोकांना जाते, तिथून स्प्रिंगांमार्फत बॉडीत चढते आणि चाकांवरच्या पत्र्यातून बाहेर पडते. ऐकणाऱ्याच्या शेजारी असतो चाकावरचा पत्रा. आजींचा कान बरोबर होता, पत्ता चुकला होता.

न विचारलेला प्रश्न

हौसिंगचं काम मी स्वतः करत नाही. जुन्या नाशकात एक चाचा आहेत, चाळीस वर्षं फक्त क्राऊन-पिनियन बसवतात. त्यांना फोनवर आकडे सांगितले. ते आकड्यांवर काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, “हे आधी कुणी उघडलं होतं?”

नानांना विचारलं. “नाही हो, हौसिंगला कुणी हातच लावला नाही.” मग चहाचा घोट घेऊन, “फक्त ते सील बदललं होतं.”

मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाताना धुळ्याच्या अलीकडे गाडीखाली तेलाचे थेंब दिसले होते. पिनियनचं ऑईल सील गळत होतं. हायवेवरच्या एका गॅरेजात शाफ्ट सोडवून सील बदललं, तेल भरलं, तासाभरात वऱ्हाड मार्गी लागलं. गळती थांबली, नानांच्या लेखी विषय संपला. “फार हुशार पोरगं होतं. नट तर हातानं आवळलाच नाही, गन लावली आणि दोन मिनिटांत काम फत्ते.”

त्या नटाविषयी थोडं सांगायला हवं. पिनियन दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरांच्या, बेअरिंगांत फिरतं. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ स्पेसर असतो, नट आवळताना मुद्दाम चेपला जाण्यासाठीच बनवलेला. तो किती चेपला यावर बेअरिंगांवरचा कायमचा दाब ठरतो. नट थोडा जास्त आवळला तर स्पेसर जास्त चेपतो, आणि चेपलेला स्पेसर पुन्हा फुगत नाही. नट सैल करून भागत नाही, स्पेसर नवाच लागतो. म्हणून सील बदलताना जाणकार माणूस आधी नट आणि पिनियनच्या टोकावर खुणा करतो आणि परत त्याच खुणांवर आणून थांबतो. हवेच्या गनला खूण दिसत नाही.

दाब जास्त झाल्यावर बेअरिंग लगेच बोंबलत नाही, हा या दोषाचा कपटीपणा. ते तापतं, रोलरच्या कातडीला बारीक खड्डे पडतात. सात-आठ हजार किलोमीटरनंतर झीज इतकी होते की आधी घट्ट असलेलं पिनियन उलट सैल होतं आणि दाब पडताच जागेवरून सरकतं. दातांची भेट बदलते, सूर सुरू होतो. सील मे महिन्यात, सूर जुलैत. मधल्या दोन महिन्यांमुळे नानांच्या मनात या दोन घटनांची गाठ बसलीच नाही.

खात्री

उघडण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. ड्रेन प्लग काढला तेव्हा हौसिंगच्या तेलाचा तो गंधकाचा उग्र वास आला, तो नेहमीचाच. पण तेलात चंदेरी झाक होती आणि प्लगच्या चुंबकावर काळ्या गाळाबरोबर सुईच्या टोकाएवढे पापुद्रे होते. गाळ चालतो, पापुद्रे चालत नाहीत. मग प्रोपेलर शाफ्ट सोडवून पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिला जोडतात ती तबकडी, हातानं वर-खाली हलवला. तिथे खेळ शून्य हवा. इथे बोटांना स्पष्ट ‘टक’ लागलं.

ही दुसरी तपासणी पंधरा मिनिटांची आहे. ऑगस्टमध्येही होऊ शकली असती, सप्टेंबरच्या सुरुवातीलाही.

पर्याय

नवरात्र आठ दिवसांवर होतं आणि नानांकडे वणीच्या सलग फेऱ्या ठरलेल्या. चार वाटा होत्या.

तशीच चालवायची, नवरात्र उरकून बघू. नानांचा कल आधी इकडेच होता. मी विरोध केला. पिनियनचं बेअरिंग अडकलं तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात, आणि गडाच्या घाटात सात माणसं घेऊन तो जुगार खेळण्यात अर्थ नाही. हा पर्याय मी खर्चाच्या तराजूत घातलाच नाही.

जुनं अख्खं हौसिंग टाकायचं. भंगार बाजारात २८,००० ला मिळत होतं, अर्ध्या दिवसाचं काम. वेळेच्या दृष्टीनं सगळ्यात मोहक. पण ते कुठल्या गाडीतून निघालं, किती चाललं, कुणी गन मारली होती, काहीच माहीत नाही. एका अनोळखी आवाजाच्या जागी दुसरा विकत घ्यायचा. शिवाय गाडीगणिक दातांचं प्रमाण वेगळं असू शकतं. चुकीचं बसलं तर वेगाचा काटासुद्धा खोटं बोलू लागतो.

क्राऊन-पिनियनची नवी जोडी आणि सगळी बेअरिंगं. नुसती जोडीच २४,००० च्या पुढे. आवाज शंभर टक्के जाण्याची खात्री फक्त इथे.

आणि चौथा: दात तेच ठेवून बेअरिंगं, स्पेसर, सील नवं. चाचांचा अंदाज १४,००० च्या आसपास, तीन दिवस. अडचण अशी की हे दात अडीच महिने चुकीच्या जागी घासले होते. हायपॉइड जोडीत, म्हणजे जिथे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं, दात एकमेकांवर लोळण्याबरोबर घसरतातही. पॅकार्ड कंपनीनं १९२६ च्या सुमाराला ही रचना मोटारींत आणली ती मुख्यतः शाफ्ट आणि गाडीचा मजला खाली आणण्यासाठी. किंमत म्हणून खास कडक तेल कायमचं मागे लागलं. अशी जोडी एकमेकांच्या सवयीनं झिजते. सवय एकदा बिघडली की जागा दुरुस्त करूनही थोडा सूर राहू शकतो.

मी नानांना चौथा आणि तिसरा दोन्ही समोर ठेवून सांगितलं की उघडून दात पाहिल्यावरच अखेरचं ठरवू, आणि दात वाचण्यासारखे नसतील तर खर्च दुपटीच्याही वर जाईल. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आधी बेअरिंगचे साडेसहा हजार गेले, टायरचे गेले. आता निदान तुम्ही आधी सांगताय तरी.” टायरचा टोला मला होता, आणि तो मला लागलाही.

काम

पिनियनचं पुढचं बेअरिंग निघालं तेव्हा रोलर निळसर पडलेले, दोन-तीन ठिकाणी उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे. मागचं बरं होतं, पण जोडीनंच बदललं. क्राऊनच्या बाजूची दोन्ही बेअरिंगंही बदलली, कारण पापुद्रे तेलातून सगळीकडे फिरले होते. दातांवर चमकदार पट्टा होता, एका टोकाकडे सरकलेला, पण खड्डे नव्हते, कड तुटलेली नव्हती. चाचांनी नख फिरवलं, म्हणाले, “चालेल. पण मुकं होणार नाही.” आम्ही चौथ्या पर्यायावर राहिलो.

पिनियनची खोली ठरवणारी चकती मूळचीच ठेवली. स्पेसर आवळणं हे खरं नाजूक काम, आणि ते चाचा लांब दांड्याच्या पान्यानं, हातानं करतात. थोडं आवळायचं, फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्यानं ओढायचं, पिनियन किती जोरानं फिरू लागतं ते वाचायचं. पुन्हा किंचित आवळ, पुन्हा ओढ. पहिल्या खेपेला काटा पुस्तकातल्या मर्यादेच्या केसभर पुढे गेला. मी म्हणालो, एवढं चालेल. चाचांनी उत्तर न देता नट सोडला, स्पेसर काढून डब्यात टाकला आणि माझ्यापुढे हात केला. मी दोन स्पेसर आणले होते हे नशीब. दुसऱ्या खेपेला पाऊण तास लागला.

क्राऊन आणि पिनियनमधला मोकळा खेळ डायल गेजवर घेतला: ०.१६ मिलिमीटर, पुस्तकातली हद्द ०.१३ ते ०.१८. मग दातांवर निळी मार्किंग पेस्ट लावून फिरवलं. ठसा दाताच्या मध्याजवळ आला, किंचित एका बाजूला. नवं जीएल-५ दर्जाचं (हायपॉइड दातांसाठीचं) तेल भरलं आणि नानांना सांगितलं की पहिले पाचशे किलोमीटर ऐंशीच्या आत, मधे मधे थांबून नाक किती तापलंय ते बघा. फार तापलं तर फोन.

निकाल

भाग ९,६०० रुपये, मजुरी ४,५००. गाडी तीन दिवस उभी राहिली आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाहेर पडली.

त्याच रस्त्यावर, त्याच ७२ च्या वेगाला मी पुन्हा मागे बसलो. ४१२ वरची उंच काठी आता बाकीच्या खळखळाटात शोधावी लागत होती. पिनियनचं नाक पंचवीस किलोमीटरनंतर ६८ अंश. मात्र ८५ ते ९० च्या दरम्यान, पाय उचलला की, एक पुसट सूर अजून येतो. चाचांनी सांगितलेलं ‘मुकं होणार नाही’ ते हेच. नानांच्या मते गाणी लावली की कुणाला कळत नाही.

हजार किलोमीटरला आणि मग दहा हजारला तेल काढून पाहिलं. चुंबकावर बारीक गाळ, पापुद्रे नाहीत.

पुन्हा वेळ आली तर

क्रम उलटा ठेवेन. आधी गाडीत बसणं, मग हात लावणं, मग खोलणं, आणि विकणं सगळ्यात शेवटी. टायर विकायला मला पंधरा मिनिटं लागली आणि गाडीत बसायला मी दोन आठवडे लावले. नानांची चारची फेरी हे कारण सांगता येतं, पण अदलाबदलीची चाळीस मिनिटं त्यातही बसली असती. टायर नंतर लागणारच होते ही सबब तर आणखी घातक, कारण तिच्यामुळे आपण चुकलो असं वाटतच नाही.

चाचांनी विचारलेला प्रश्न मी माझ्या जॉब कार्डवर छापून घेतलाय, तक्रारीच्या रकान्याच्याही वर: ‘गेल्या सहा महिन्यांत गाडीखाली कुणी, कुठे, काय काम केलं?’ आणि प्रश्न तसाच विचारायचा. ‘हौसिंग उघडलं होतं का’ विचारलं तर नाना आजही नाही म्हणतील, कारण त्यांच्या हिशेबी सील बदलणं म्हणजे उघडणं नव्हे.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. नवी क्राऊन-पिनियन जोडी टाकली असती तर तो पुसट सूरही गेला असता, पण किमान २४,००० रुपये वाढले असते. तीन वर्षंच ओढायच्या गाडीला ते परवडतं का, हे नानांचं गणित. ते त्यांनी मांडलं आणि मी मान्य केलं. घरची गाडी असती, दहा वर्षं ठेवायची असती, तर मी जोडीचा आग्रह धरला असता.

ऑगस्टमध्ये काढलेली चाकाची दोन्ही बेअरिंगं नानांनी डिकीत जपून ठेवली होती. मी ती पेट्रोलनं धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब टाकून फिरवली. उजव्याची ती ‘जरा खरखर’ कुठे सापडली नाही. दोन्ही सध्या माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून आहेत.